पुढच्या दहा मिनिटांचा भार

[दृश्य: सर्व्हरच्या लांबच लांब रांगा]

या डेटा सेंटरमधलं एकही यंत्र कुणा एकाचं नाही. एकाच सर्व्हरवर कुणाचे हिशेब चालतात, कुणाचे व्हिडिओ, कुणाचं हवामानाचं गणित. काम सोपवताना किती प्रोसेसर, किती मेमरी लागेल ते सांगावं लागतं, आणि काम अडू नये म्हणून बहुतेकजण जास्तच मागून ठेवतात.

२००७ मध्ये गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी लिहिलं, की सर्व्हर बहुतेक वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच राबतात. आणि काहीच काम नसतानाही त्या काळचा चांगला सर्व्हर ऐन भरातल्या विजेच्या जवळपास निम्मी वीज खायचा. मग रिकामी यंत्रं बंद का करत नाहीत? कारण बंद यंत्र पुन्हा कामाला लागेपर्यंत वेळ जातो. कामाचा भार वाढणार हे त्याआधीच कळायला हवं.

[दृश्य: प्रोसेसरच्या भाराचा आलेख]

सगळ्यात साधा अंदाज: आत्ता आहे तेवढाच भार पुढेही राहील. याला कमी लेखू नये. पुढच्या क्षणापुरता तो इतका बरोबर येतो, की न्यूरल नेटवर्कची, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमची, पहिली परीक्षा त्यालाच हरवण्याची असते.

नेटवर्कचं बळ दिसतं ते जरा लांबच्या अंदाजात. १९९७ मध्ये होखरायटर आणि श्मिडह्युबर या संशोधकांनी मांडलेलं एलएसटीएम (लाँग शॉर्ट-टर्म मेमरी) हे नेटवर्क भाराच्या नोंदी एकामागून एक वाचतं आणि त्यातलं काय धरून ठेवायचं, काय सोडायचं, हे स्वतःच शिकतं. शिकायला नोंदीही मिळाल्या: २०११ मध्ये गूगलने सुमारे १२,५०० यंत्रांच्या २९ दिवसांच्या नोंदी खुल्या केल्या.

[दृश्य: आलेखात अचानक सुळका, अंदाजाची रेघ खालीच]

इथे खरी अडचण आहे. सरासरी चूक कमी करायला शिकवलेलं नेटवर्क असे सुळके छाटून टाकतं. त्याचे गुण चांगले येतात, पण नेमक्या गर्दीच्या वेळी कुणाचं तरी काम रखडतं. अंदाज जास्त निघाला तर वीज वाया जाते. कमी निघाला तर माणसं ताटकळतात. या दोन चुका एका मापाने मोजणं मला चुकीचं वाटतं.

म्हणून शिकवतानाच कमी अंदाजाला जास्त दंड लावतात. मग मधला आकडा नेटवर्क देत नाही; ९५ टक्के वेळा भार ज्याच्या खाली राहील, असा आकडा देतं.

[दृश्य: नवी रेघ सुळक्याच्या वर, रांगेतली दोन यंत्रं सुरू होतात]

सुळका यायला अजून काही मिनिटं आहेत. यंत्रं तयार आहेत.