आधी शिवण, मग कात्री

(पडद्यावर: शिवणयंत्राखाली दोन चौकोनी तुकडे, एकावर एक. वरच्यावर खडूची तिरकी रेघ.)

एक तुकडा गडद, एक फिका. सुलट बाजू आत घालून एकमेकांवर ठेवलेत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आहे, पण सुई त्या रेघेवरून जात नाही. रेघेच्या एका अंगाला पाव इंचावर एक शिवण, दुसऱ्या अंगाला तेवढ्याच अंतरावर दुसरी. मग रेघेवरून कात्री. तुकडे उघडले की हातात दोन चौकोन येतात, प्रत्येक अर्धा गडद, अर्धा फिका. क्विल्टवाले, म्हणजे तुकडे जोडून गोधडी शिवणारे, याला हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात, आणि घाईत असले की नुसतं एचएसटी.

आपण डिचोलीत आहोत. पाऊस कोसळतो आहे आणि पडवीत पायमशीन चालू आहे. ब्लाउज शिवून उरलेल्या कापडाचं गाठोडं इथं कधीच रिकामं होत नाही. वाकळ तर गोव्याच्या घराघरांत होतीच. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर धावदोरा, आणि तुकडा हाती आला तसा बसवायचा. या त्रिकोणाला मात्र तसलं मोकळेपण मानवत नाही. इथं एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक दहाव्या तुकड्यापर्यंत सव्वा इंच होतो.

(पडद्यावर: कापडाचा तुकडा उभा ओढला, मग आडवा, मग तिरका.)

उभा धागा ओढा, कापड हलत नाही. आडवा ओढा, किंचित सैल होतं. तिरकं ओढलंत तर लगेच लांबतं. शिंपी याच गुणावर गळ्याच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या वळवतो. त्रिकोणाची लांब बाजू नेमकी उरेब असते. आधी त्रिकोण कापून मग जोडायला गेलात, तर मशीनचे दात खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं आणि चौकोनाला पोक येतं. म्हणून वर दाखवलेली युक्ती. शिवण आधी पडली की उरेब कड जागच्या जागी बांधली जाते, मग कात्री खुशाल चालवा. पुढच्या बहुतेक रीती याच एका युक्तीची नातवंडं-पतवंडं आहेत.

आता माप. पडवीतली शिकाऊ मुलगी विचारते, "काकी, तीन इंचाचा चौकोन हवा तर पावणेचार आणि वर सूत कशाला कापायचं?"

"माया कुठनं येणार गो बाय? दोन बाजूंना दोन-दोन सूत. तिरक्या बाजूला जास्त लागते."

माया म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, आणि काकींचा हिशेब चोख आहे. तिरक्या शिवणीच्या पाव इंच मायेला कापताना वर्गमूळ दोनाच्या पटीत, म्हणजे सुमारे पस्तीस शतांश इंच द्यावे लागतात. त्यात सरळ बाजूंचे दोन पाव मिळवा. बेरीज सुमारे ०.८५ इंच. टेपवर ती खूण नाही, म्हणून जवळचे सात सूत. पण खरं सांगायचं तर सात सुताच्या भानगडीत पडूच नये. सरळ एक इंच जास्त धरा. तीन इंचाच्या चौकोनासाठी चार इंचाचे तुकडे घ्या, शिवा, कापा, आणि उघडल्यावर, पुढच्या जोडणीची माया धरून, साडेतीन इंचाला नीट छाटा. कापड थोडं वाया जातं. त्या बदल्यात टोकं जुळतात, आणि न जुळलेली टोकं उसवण्यात जाणारी संध्याकाळ वाचते.

(पडद्यावर: आठ इंची चौकोनांवर दोन्ही कर्ण.)

एकसारखे पुष्कळ हवेत? आठ इंचाचे दोन चौकोन घ्या. दोन्ही कर्ण आखा आणि प्रत्येक कर्णाच्या दोन्ही अंगांना शिवा. मग मध्यातून उभा, आडवा आणि दोन्ही कर्णांवर काप. एका जोडीतून आठ एचएसटी, छाटून साडेतीन इंचाचे. न छाटता नेमक्या मापाने काढायचे असतील तर पावणेआठ इंच.

चौकोनाच्या चारही कडा शिवून मग कर्णांवर कापायची एक रीत फार दाखवली जाते. साडेपाच इंचाच्या जोडीतून चार निघतात, आखणी शून्य. दिसायला छान. पण तिथं उरेब आत बांधलेली नसते, ती प्रत्येक तुकड्याच्या बाहेरच्या चारही कडांवर येते. पुढची सगळी जोडणी ताणत जाणार. भिंतीवर टांगायचा लहान तुकडा असेल तर चालेल, अंथरुणासाठी नको.

अवजारांत गोल पात्याचा कटर हे मोठं वळण. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ साली आणला. तोवर खडू, पुठ्ठ्याचा साचा आणि कात्री. कटर आल्यावर थरांचे थर एका फिरवणीत कापले जाऊ लागले. त्याखाली मऊ मॅट आणि वर पारदर्शक पट्टी लागते. त्या पट्टीवरची पंचेचाळीस अंशांची रेघ शिवणीवर बसवायची, उजवी आणि वरची कड छाटायची, तुकडा फिरवायचा, उरलेल्या दोन कडा छाटायच्या. ब्लॉक लॉक नावाच्या पट्टीला तर खालून तिरकी खाचच असते. ती शिवणीच्या उंचवट्यावर अडकते आणि पट्टी सरकत नाही. मात्र त्यासाठी माया एकाच बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे, दाबलेली हवी. पाते मात्र पुसून, तेलाचं बोट लावून ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात त्याला गंज चढायला वेळ लागत नाही.

इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. आधी तुकडा मिटलेला असतानाच शिवणीवर दाबा, मग उघडून दाबा. सैल विणीचं कापड असेल तर कापण्याआधी तांदळाची खळ द्या. उरेब बरीच शहाण्यासारखी वागते. पण खळ दिलेलं कापड पावसात कपाटात ठेवू नका, बुरशी आणि कसर दोन्ही वाटच पाहत असतात.

(पडद्यावर: लाल चौकड्यांचं कुणबी कापड.)

पट्ट्या किंवा चौकड्यांच्या कापडाची मजा वेगळी. पट्ट्यांच्या एका जोडीतून निघणाऱ्या दोन्ही चौकोनांत पट्टी एकाच दिशेला जाते. चक्री करायची असेल तर तेच हवं. आरशातल्यासारखी डावी-उजवी जोडी हवी असेल, तर अर्ध्या तुकड्यांवर कर्ण एका बाजूने आणि उरलेल्यांवर दुसऱ्या बाजूने आखावा लागतो. हे शिवून झाल्यावर लक्षात आलं तर इलाज नाही.

गोव्याची हद्द ओलांडून कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येक पोर्तुगीजांच्या गोव्यातूनच घाटापलीकडे गेले. कवंदी कडेकडून आत शिवत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घड्यांचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. तिथं त्रिकोण कापायचा नाही, घडी घालायची. उरेब कड उघडीच पडत नाही, त्यामुळे सात सुताचा प्रश्नही उरत नाही.

(पडद्यावर: जुन्या घरातल्या रंगीत लाद्या, मग जमिनीवर मांडलेले एचएसटी.)

१७०४ साली सेबास्त्यां त्रुशे या फ्रेंच पाद्र्याने कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या लादीच्या मांडण्या मोजून कागदावर मांडल्या. लादी चार तऱ्हांनी ठेवता येते. तशा चार लाद्यांचा चौकोन २५६ तऱ्हांनी जमतो. एचएसटीचंही तेच. चक्री, हिरे, करवतीचे दात, सगळं त्याच एका तुकड्यातून. म्हणून शिवायच्या आधी जमिनीवर मांडा, मोबाइलने काळापांढरा फोटो काढा. गडद-फिक्याचा तोल रंगात कळत नाही, तिथं लगेच कळतो. मांडणी मनासारखी होईपर्यंत पंखा बंद ठेवा, घामाच्या धारा लागल्या तरी.