तर्कूच्या टोकावरचे प्रथिन

पडद्यावर दिसणारी ही पेशी विभाजनाच्या मध्यावर आहे. तिची ४६ गुणसूत्रे मधल्या प्रतलात ओळीने उभी आहेत आणि दोन ध्रुवांकडून आलेल्या सूक्ष्मनलिकांनी ती धरून ठेवली आहेत. सूक्ष्मनलिकांच्या या रचनेला तर्कू म्हणतात. तर्कूच्या दोन्ही टोकांशी एएसपीएम या जनुकापासून तयार झालेले प्रथिन एकवटलेले असते.

हे जनुक पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याचे प्रथिन ३,४७७ अमिनो आम्लांचे, म्हणजे चांगलेच मोठे आहे. सूक्ष्मनलिका कापणाऱ्या कॅटॅनिन या विकराच्या साथीने ते ध्रुवाकडील टोकांची वाढ आवरते, असे २०१७ साली दिसून आले.

या जनुकाचे महत्त्व मात्र आधीच, २००२ साली, काही कुटुंबांच्या अभ्यासातून उघड झाले होते. या कुटुंबांतील काही मुलांचे डोके जन्मतःच लहान होते, मेंदूची रचना बरीचशी नेहमीसारखी असूनही त्याचा आकार फार कमी होता, आणि त्या मुलांना दोन्ही पालकांकडून या जनुकाची सदोष प्रत मिळालेली होती.

विभाजन तर शरीरभर चालते, मग फटका मुख्यतः मेंदूलाच का बसावा? या विषयातला सर्वांत विलक्षण प्रश्न हाच आहे. गर्भाच्या मेंदूतील मूळ पेशी लांबट आणि अरुंद असतात. आपली संख्या वाढवायची तर त्यांना अगदी नेमक्या प्रतलातून दुभंगावे लागते. उंदरांच्या पेशींत हे प्रथिन कमी केले, तेव्हा ते प्रतल कलले आणि मूळ पेशींचा साठा वेळेआधीच घटू लागला. तरीही उंदराच्या मेंदूचा आकार फारसा कमी होत नाही. मेंदूला वळ्या असलेल्या फेरेट या प्राण्यात मात्र हे जनुक निकामी केल्यावर मेंदूचे वजन २५ ते ४० टक्क्यांनी घटले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

याच जनुकाच्या एका प्रकाराचा संबंध मानवी मेंदूच्या अलीकडील उत्क्रांतीशी असल्याचा दावा २००५ मध्ये झाला. पुढील तपासण्यांत त्या प्रकाराचा मेंदूच्या आकाराशी किंवा बुद्धिमत्तेशी संबंध आढळला नाही, आणि हे निष्कर्षही मूळ दाव्याइतक्याच ठळकपणे सांगितले गेले पाहिजेत.

कुटुंबांसाठी प्रश्न अधिक थेट आहे. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यावर उपचार नाही; परंतु सदोष बदल ओळखता आला, तर पुढील गर्भधारणेपूर्वी त्यांना जनुकीय सल्ला घेता येतो.