तालीम बदलली, पैलवान तोच: अमेरिकेतली कॉलेज कुस्ती

मंडळी, मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा झाली. दहा वजनगट, दहा विजेते. त्यातल्या चार जणांची नावं आधी सांगतो. १६५ पौंडांत पेन स्टेटचा मिचेल मेसेनब्रिंक जिंकला; तो आधी कॅलिफोर्निया बॅप्टिस्टमध्ये होता. १७४ मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा डीन हमिटी. तो विस्कॉन्सिनहून आलेला. १९७ मध्ये आयोवाचा स्टीफन ब्युकॅनन; त्यानं वायोमिंग सोडून ओक्लाहोमा विद्यापीठ गाठलं आणि तिथून आयोवा. आणि हेवीवेटमध्ये ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिकसन, मूळ हवाई दलाच्या अकादमीचा. त्यानं टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता गेबल स्टीव्हसन याला ५-४ असं हरवलं.

दहापैकी चार विजेते दुसऱ्या तालमीत तयार झालेले. हेंड्रिकसनची ती लढत जगभर पाहिली गेली आणि पाहण्यासारखीच होती. पण मला त्या रात्री हवाई दलाच्या अकादमीतल्या वस्तादांची आठवण झाली. साधा पोरगा होता तेव्हापासून ज्यांनी त्याच्याकडून मेहनत करून घेतली, त्यांच्या संघाच्या खात्यात त्या विजयाचा एक गुणही जमा झाला नाही.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. २०२३ च्या फुलगावच्या महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती आठवा. मोहोळचा सिकंदर शेख वाशीमकडून उतरला होता आणि पुण्याकडचा शिवराज राक्षे नांदेडकडून. आपल्याकडे मात्र पैलवानाची ओळख त्याच्या तालमीशी आणि वस्तादाशी जोडलेली राहते, जिल्हा कागदावर बदलतो. अमेरिकेत विद्यापीठ हीच तालीम, तेच वस्ताद, तीच शिष्यवृत्ती. विद्यापीठ बदललं की सगळंच बदलतं.

आधी नियम समजून घेऊ. पूर्वी कॉलेज सोडायचं तर प्रशिक्षकाची परवानगी लागायची, आणि पैलवानानं कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, यावरही त्या प्रशिक्षकाचा हात असायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. विद्यार्थ्यानं कळवलं की कॉलेजला त्याचं नाव यादीत घालावंच लागतं आणि मग कोणताही संघ त्याच्याशी बोलू शकतो. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या वापरावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये उरलंसुरलं बंधनही गेलं. अभ्यासात पात्र असलेला खेळाडू आता कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो.

बास्केटबॉल, फुटबॉल सगळ्याच खेळांत हे झालं. तरी कुस्तीवर त्याचा घाव वेगळा पडतो, आणि त्याचं कारण गुणांच्या हिशेबात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत एका वजनात एका संघाचा एकच पैलवान उतरतो. पहिला आला तर १६ गुण, दुसरा १२, आठवा आला तर ३. प्रत्येक फेरी पार केल्याचे वेगळे गुण, चितपटीचे आणखी वेगळे. म्हणजे विजेता नुसतं गुणांवर जिंकत गेला तरी संघाला २० गुण देऊन जातो. आता बघा, २०२५ ला तिसरा आलेल्या ओक्लाहोमा स्टेटचे एकूण गुण होते १०२.५. त्यांच्याकडे दोनच विजेते होते, हमिटी आणि हेंड्रिकसन, आणि दोघंही बाहेरून आलेले. आदल्या वर्षी हाच संघ दहावा होता. डेव्हिड टेलर मे २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि एका मोसमात संघ सात पायऱ्या चढला. टेलरच्या प्रशिक्षणाचं मोल मी कमी करत नाही. पण दोन पैलवान आले आणि चाळीसहून अधिक गुण आले, हेही डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

जिथून पैलवान जातो तिथे काय होतं? पेन स्टेटसारख्या संघातून एक जण गेला तर नऊ उरतात, आणि तेही देशातल्या पहिल्या आठात येणारे. २०२५ ला त्यांचे दहाच्या दहा पैलवान पहिल्या आठात होते आणि संघाचे गुण १७७, स्पर्धेच्या तोपर्यंतच्या इतिहासात सर्वाधिक. लहान विद्यापीठाकडे मात्र असा एखादाच पैलवान असतो. त्याच्या नावावर गावातली माणसं तिकीट काढून दोन संघांमधला सामना बघायला येतात, माजी विद्यार्थी देणगी देतात, शाळकरी पोरं तिथे यायचं मनात धरतात. तो गेला की हे सगळं एकदम जातं. तिथल्या प्रशिक्षकाला पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून मेहनत. आणि त्याच्या मनात हा विचार येणारच की याला तयार केला तर हाही दोन वर्षांनी जाईल.

हे फक्त भावनेचं दुखणं नाही. कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या श्रेणीत कुस्तीचे संघ आज पंच्याहत्तरच्या आसपास उरलेत; १९८० च्या सुमारास ते जवळजवळ दुप्पट होते. विद्यापीठाला खर्च कमी करायचा असला की कुस्तीवर नजर आधी जाते. ज्या संघाचा एकुलता चेहरा निघून गेलाय, त्याच्या बाजूनं कुणी बोलायचं?

पण पैलवानांना बांधून ठेवा, असं मी म्हणणार नाही. २०२० साली काय झालं ते पाहा. स्टॅनफर्डनं जुलैमध्ये अकरा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यात कुस्ती होती. फ्रेझ्नो स्टेटनं त्याच वर्षी कुस्ती बंद करायचं ठरवलं. पोरांनी काय करायचं? स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ २०२१ मध्ये विद्यापीठाचं नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून मॅटवर उतरला आणि १६५ पौंडांत राष्ट्रीय विजेता झाला. त्यानंतर विद्यापीठानं निर्णय फिरवला. फ्रेझ्नोचा संघ मात्र गेलाच. तिथला काइल पार्को अॅरिझोना स्टेटला गेला, पुढे आयोवाला. त्याला कोण दोष देणार? विद्यापीठ मुलाला एका पत्रकानं सोडू शकतं, प्रशिक्षक जास्त पगारावर दुसरीकडे जाऊ शकतो. केल सँडरसन २००९ मध्ये आयोवा स्टेट सोडून पेन स्टेटला गेला, आणि आयोवा स्टेटला यायचं ठरवलेला, तेव्हा पैलवान असलेला डेव्हिड टेलर त्याच्या मागोमाग पेन स्टेटला गेला. वस्तादाला मोकळीक आणि पठ्ठ्याला बेडी, हा न्याय मला मान्य नाही.

आयव्ही लीग या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या मुलांचाही विचार करा. त्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही आणि पदवी झाली की तिथे खेळायची रीत नाही. खेळायचं वर्ष शिल्लक असेल तर दुसरीकडे जाणं भागच. त्यांपैकीच कॉर्नेलमध्ये घडलेला मॅक्स डीन पेन स्टेटला आला आणि २०२२ मध्ये १९७ पौंडांत विजेता झाला.

ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो पैलवान वेगळाच आहे. मोठ्या संघात एखाद्या वजनात दुसऱ्या नंबरवर असलेला मुलगा. तीन वर्षं तो पहिल्या नंबरच्या पैलवानाशी रोज झुंजला, मार खाल्ला, वजन घटवलं, आपली पाळी येईल म्हणून थांबला. पाळी आली त्या उन्हाळ्यात प्रशिक्षकानं पोर्टलमधून तयार पैलवान आणला. मैदानावर दहाच जण दिसतात, पण त्या दहांना तयार करतात ते तालमीतले हे जोडीदार. जोड चांगली नसेल तर विजेताही घडत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक पैलवानाला ठाऊक आहे.

खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या दाव्यात जून २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर हा प्रश्न आणखी टोकदार झाला. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. पूर्वी कुस्तीला ९.९ शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटल्या जायच्या. ती मर्यादा गेली, आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त ३० पैलवानांची अट आली. तीस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण दहा वजनांत ते तीन-तीनच होतात. बाहेरून चार तयार पैलवान आणले तर चार पोरांची जागा जाते, आणि जाते ती शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चानं येऊन घाम गाळणाऱ्यांची. अशा पोरांतून उशिरा उमलणारा एखादा असतो, आणि तो कोण हे पहिल्या वर्षी कुणालाच दिसत नाही.

नेब्रास्काकडे बघितलं की मला धीर येतो. २०२५ ला हा संघ दुसरा आला. त्यांचे दोन विजेते, रिज लव्हेट आणि अँट्रेल टेलर, दोघंही तिथल्याच तालमीत घडलेले. पेन स्टेटच्या बाबतीतही लोक फक्त मेसेनब्रिंककडे बघतात. त्याच संघातला कार्टर स्टारोची पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला, असं करणारा पहिलाच, आणि पाचही वेळा एकाच विद्यापीठाकडून. बाहेरचा पैलवान तिथे रुजतो, कारण त्याला रोज झुंजायला तोडीस तोड माणसं आधीपासून आहेत. उद्या कुणी नुसते तयार पैलवान गोळा करून संघ उभा केला, तर एक मोसम निघेल. तिसऱ्या मोसमाला त्या तालमीत जोडीला कोण असणार?

माझं मागणं साधं आहे. जागतिक फुटबॉलमध्ये फिफानं २००१ पासून नियम केलाय: तरुण खेळाडू मोठ्या क्लबात गेला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना मोबदला द्यावा लागतो. अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत तसं काही व्हायला हवं. जाणाऱ्या पैलवानाची वाट अडवू नका आणि त्याच्या पैशाला हात लावू नका. त्याला नेणाऱ्या विद्यापीठानं, जिथे त्याची पहिली दोन-तीन वर्षं गेली त्या कुस्ती विभागाला ठरावीक रक्कम द्यावी, आणि ती कुस्तीवरच खर्च व्हावी. याला कायद्याची अडचण सांगितली जाईल, कारण तिथल्या न्यायालयांना खेळाडूच्या बाजारावर कसलाही भार आलेला खपत नाही. त्यावर खेळाडूंशी बसून करार करता येईल, आणि तो करताना खोलीत मोठ्या दहा विद्यापीठांबरोबर हवाई दल, वायोमिंग आणि कॅलिफोर्निया बॅप्टिस्टचे प्रशिक्षकही असले पाहिजेत.