चायना आहे, टिकणार नाही

अध्यक्ष महाराज, आणि आभाळ भरून आलेलं असतानाही आलेल्या तळेगावकर मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय ‘चिनी विजेच्या मोटारींची घोडदौड : कारणे आणि आपल्यापुढील पर्याय’ असा छापलाय. विषय माझा, घोडदौड चिटणीसांची. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली सात सत्कारात गेली. नारळ मिळाला, तेव्हा तक्रार नाही.

मी पस्तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. जिग, फिक्श्चर, डाय, म्हणजे सुटा भाग अचूक धरून ठेवायची आणि घडवायची साधनं. अर्थशास्त्र मला कळत नाही. वस्तू कशी बनते ते थोडंफार कळतं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘चायना’ हे आपल्याकडे देशाचं नाव नाही, विशेषण आहे. दिव्यांची माळ चायना, चार्जर चायना. दुकानदार स्वतःच सांगतो, ‘काका, चायना आहे, गॅरंटी नाही.’ म्हणजे प्रामाणिकपणासुद्धा चायनाच. (हशा)

हा शब्द माझ्या घरात आला २००८ साली, एका स्कूटरवर बसून. पेट्रोल महागलं होतं आणि गल्लोगल्ली विजेच्या स्कूटरांची दुकानं निघाली होती. अडीचशे वॉटची मोटर, ताशी पंचवीसचा वेग, लायसन नको, पासिंग नको. कंपनीचं नाव घेत नाही; ती आता नाही आणि दुकानाच्या जागी केक मिळतात. विकणारा म्हणाला, एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर. मी हिशेब केला : तळेगाव ते भोसरी जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. बसतंय की! टूलरूमचा माणूस मायक्रॉनमध्ये मोजतो आणि सेल्समनचं तोंडी माप घेतो, बघा.

पहिले दोन महिने मी राजा होतो. आवाज नाही, धूर नाही. देहूरोडला कुत्रीसुद्धा मागे लागायची नाहीत, कारण त्यांना कळायचंच नाही काहीतरी गेलं म्हणून. तिसऱ्या महिन्यात ती सोमाटणे फाट्याच्या अलीकडे थांबायला लागली. मग मी कंपनीतल्या वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावायचो, त्याबद्दल त्याला रोज एक चहा. म्हणजे विजेचं बिल नाही, चहाचं बिल. सहाव्या महिन्यात तीस किलोमीटरही होईनात. एका संध्याकाळी भर पावसात गाडी ढकलत घरी आलो. दार उघडून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘चायना आहे, आणखी काय होणार?’

त्या रविवारी मी गाडी खोलली. सीटखाली बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या. एक कापून बघितली, आणि तुम्ही कापू नका, आत ॲसिड असतं. प्लेटांवर पांढरा थर, सल्फेट. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली की मरतेच. मोटारीतली तसली बॅटरी गाडी स्टार्ट करते, ओढत नाही. म्हणजे स्कूटरची गोम तिथे होती. चाकं ठीक, मोटर ठीक, कंट्रोलरवर चिनी अक्षरं होती तोही ठणठणीत. मेली ती फक्त बॅटरी. दुकानदाराकडे गेलो, तर म्हणाला, ‘बॅटरीला गॅरंटी नसते साहेब.’ अहो, तिच्यात बॅटरीशिवाय आहे काय? पत्रा आणि आरसा! माझे अठ्ठावीस हजार… असो. पाण्याचा पेला द्या जरा.

गंमत म्हणजे त्याच वेळी माझ्या खिशात एक फोन होता. दोन-दोन दिवस चार्जिंग लागायचं नाही. त्याची बॅटरी कुणी बनवली मी कधी बघितलं नाही, कुणीच बघत नाही. पण त्या काळात मोटोरोला आणि नोकियाला बॅटऱ्या पुरवणाऱ्यांत शेनझेनची एक कंपनी होती, बीवायडी. आता खरा विषय सुरू होतो. किती झाली मिनिटं? वीस? बरं.

वांग च्वानफू. जन्म १९६६, आन्हुई प्रांतातलं शेतकरी घर. आईवडील शाळकरी वयातच गेले, थोरल्या भावानं आणि वहिनीनं शिकवलं. पोरगा धातूंच्या रसायनशास्त्रात शिकला, सरकारी संशोधन संस्थेत लागला, आणि १९९५ साली नात्यातल्या भावाकडून पंचवीस लाख युआन उसने घेऊन शेनझेनमध्ये बॅटऱ्या बनवायला लागला. मोटारीचा तेव्हा पत्ताही नव्हता.

आता भोसरीवाल्यांनी कान द्या. बॅटरी म्हणजे जपान, असा तो काळ. जपानी लाइन म्हणजे रोबो, कोरड्या हवेच्या खोल्या, डोळे पांढरे होतील असा खर्च. याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. यानं काय केलं? रोबो करतो ते काम बारीक-बारीक तुकड्यांत मोडलं, प्रत्येक तुकड्याला साधं जिग बनवलं आणि तिथे माणूस बसवला. जिग चुकू देत नाही, माणूस महाग पडत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. हे तर आमचं काम! फरक एवढाच, की आम्ही दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जिग केली. सॅनियो आणि सोनीनं त्याला पेटंटवरून कोर्टात खेचलं, तरी तो तग धरून राहिला.

२००३ मध्ये त्यानं शीआनचा एक डबघाईला आलेला मोटार कारखाना घेतला. गुंतवणूकदार खवळले, बॅटरीवाल्याला मोटार कशाला? सुरुवातीची त्याची गाडी टोयोटा कोरोलाची जुळी बहीण वाटावी अशी. २०११ मध्ये टीव्हीवर कुणीतरी टेस्लाच्या इलॉन मस्कला या कंपनीबद्दल विचारलं, तर तो हसतच सुटला. आमच्या सौभाग्यवती आणि मस्क यांचं त्या वर्षी एकमत होतं. (हशा)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ‘पर्याय’ राहिलेत याची मला कल्पना आहे.

भराभर सांगतो. एक, रसायन. निकेल, कोबाल्ट महाग. लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी स्वस्त, सहसा पेट घेत नाही. वजनाच्या मानानं वीज कमी साठवते एवढंच. हे रसायन पुढे आणलं अमेरिकेत, टेक्सासच्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेनं. तिकडच्या ‘ए-वन-ट्वेंटी-थ्री’ या बॅटरी कंपनीचं २०१२ मध्ये दिवाळं निघालं आणि ती एका चिनी कंपनीनंच विकत घेतली. चिनी लोकांनी तेच रसायन धरून ठेवलं, घोटलं, आणि २०२० मध्ये बीवायडीनं पात्यासारखे लांब, चपटे सेल थेट पॅकमध्ये रचले. मधले डबे गेले, जागा वाचली.

दोन, सरकार. २००९ पासून २०२२ पर्यंत खरेदीवर अनुदान. पण नुसत्या पैशानं नव्हे. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते, विजेच्या गाडीला बरीच वर्षं फुकट मिळायची. शेनझेननं २०१७ अखेर सोळा हजारांवर बस, म्हणजे सगळ्याच, विजेवर नेल्या. गिऱ्हाईकही सरकारनंच उभं केलं.

तीन, सगळं घरचं. बॅटरी, मोटर, चिप, आणि २०२४ पासून गाड्या वाहून न्यायला स्वतःची जहाजंसुद्धा. २०२४ मध्ये बीवायडीनं त्रेचाळीस लाखांच्या आसपास गाड्या विकल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्जिंगची बॅटरीही आणि पेट्रोलचं इंजिनही, हेही सांगायला हवं. निव्वळ बॅटरीच्या गाड्यांत २०२५ मध्ये टेस्ला मागे पडली.

काळी बाजूही आहे. शेकड्यानं कंपन्या उतरल्या, भावाची मारामारी इतकी की चिनी सरकारच आता पुरे म्हणतंय. बाहेर भिंती उभ्या राहिल्यात : अमेरिकेत शंभर टक्के आयातशुल्क, युरोपात बीवायडीवर नेहमीच्या दहावर आणखी सतरा. म्हणून हे लोक थायलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, हंगेरीत कारखाने टाकतायत.

आणि आपण? तळेगावात बसून हे मी काय सांगू! जनरल मोटर्सचा आपल्या शेजारचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर कंपनी घेणार होती. ३,७७० कोटींचा करार राज्य सरकारबरोबर १५ जून २०२० ला झाला. त्याच रात्री गलवान. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आता तिथे ह्युंदाई आहे. ते चुकलं असं मी म्हणत नाही. वीस जवान गेले होते. पण निगडी डेपोच्या ज्या विजेच्या बसनं तुम्ही पुण्याला जाता, ती ऑलेक्ट्राची, आणि तिचं तंत्रज्ञान बीवायडीचं. मी बसलोय तिच्यात. कधी मध्येच थांबली नाही.

पर्यायांचे सात मुद्दे काढून आणले होते, कागद चिटणीसांकडे ठेवतो. एकच प्रश्न घेता येईल म्हणतात. हां, मागच्या ताई.

स्कूटरचं काय झालं? सांगाडा अजून जिन्याखाली आहे, वर कुंड्या ठेवल्यात. बॅटऱ्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या. शिशाचा भाव तेव्हा बरा होता.