चेंजओव्हरमधली मिनिटे नेमकी कुठे जातात?

नमस्कार. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना एक जण शिडीवर उभा असतो आणि खालची माणसे केवणीचे दोर, नारळ, तोरिंगे, सुपारीचा शिपटा एकेक करून त्याच्या हातात देत असतात. दोर आधीच कापून ठेवलेले असले की काम झपाट्याने उरकते. तेच राहिले असतील, तर शिडीवरचा माणूस हात वर करून नुसता ताटकळतो आणि घरातली वडीलधारी मंडळी खालून त्याच्यावरच डाफरतात. लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करणाऱ्या, उत्पादनपद्धतीतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा विचार या शिडीपाशीच सापडतो, म्हणून आजचा व्हिडिओ साऱ्या लीनवर न करता केवळ चेंजओव्हरवर करत आहे.

चेंजओव्हर म्हणजे आधीच्या उत्पादनाचा शेवटचा चांगला नग आणि पुढच्या उत्पादनाचा पहिला चांगला नग यांच्यामधला वेळ. यातला ‘चांगला’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण यंत्र सुरू झाले तेवढ्यावर चेंजओव्हर संपला असे नोंदवहीत लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि त्यानंतरचा अर्धा तास फेकून दिलेल्या मालात जातो, जो कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

या विषयाचा पाया शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने घातला. १९५० मध्ये हिरोशिमातील तोयो कोग्यो या कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदामध्ये, मोठ्या प्रेसवर काम साचून राहते आणि आणखी प्रेस घेण्यावाचून पर्याय नाही, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. शिंगो यांनी आधी पाहणी करण्याचा आग्रह धरला. ८०० टनी प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याचे काम सुरू झाले आणि थोड्याच वेळात कामगार इकडेतिकडे धावू लागला, कारण डाय बसवण्याचा एक बोल्ट सापडत नव्हता. तासाहून अधिक वेळ शोधाशोध झाल्यावर त्याने शेजारच्या यंत्राचा लांब बोल्ट काढून आणला आणि तो कापून, त्यावर आटे पाडून बसवला. त्या यंत्राची पाळी आली म्हणजे तिथे काय करणार, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. प्रेस कमी पडत नव्हते, बोल्ट कमी पडत होता.

तिथून त्यांनी कामाची विभागणी केली: यंत्र थांबल्यावरच करता येणारी कामे अंतर्गत, यंत्र चालू असताना करता येणारी कामे बाह्य. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसवरचा ४ तासांचा डायबदल आधी दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आला. त्यांच्या मांडणीतला एक आकडा मला आजही चकित करतो. पारंपरिक चेंजओव्हरमध्ये सुटे भाग प्रत्यक्ष काढण्या-बसवण्याला जेमतेम ५ टक्के वेळ लागतो, तर जवळपास निम्मा वेळ चाचणी आणि पुनःपुन्हा जुळवणी करण्यात जातो. तरीही आपल्याकडे चेंजओव्हर कमी करा म्हटले की ऑपरेटरला ‘हात जरा लवकर चालव’ एवढेच सांगितले जाते.

आता हिशेब पाहू. ८ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. एका चेंजओव्हरला १२० मिनिटे लागत असतील, तर एकदा उत्पादन बदलले की पाळीचा चौथा हिस्सा गेला. साहजिकच नियोजन विभाग एकच उत्पादन दिवसेंदिवस चालवतो, गोदाम भरते आणि पहिल्या दिवशी शिरलेला दोष तो माल पुढच्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत कळत नाही. कळतो तेव्हा तसाच माल शेकडो खोक्यांत भरलेला असतो. तोच चेंजओव्हर ४० मिनिटांवर आला, तर तेवढ्याच वेळात तीनदा उत्पादन बदलता येते, साठा घटतो आणि दोष ताजा असतानाच हाती लागतो. चेंजओव्हरचा वेळ हा मला त्यामुळे उत्पादनाइतकाच गुणवत्तेचा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे गोव्यात वेर्णा, कुंडई या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत आणि तिथे एक पेच आहे. औषधाच्या बॅचचा आकार मंजूर झालेला असतो, तो मनाला येईल तसा लहान करता येत नाही. पण एकाच औषधाच्या किती बॅच सलग चालवायच्या, हे कारखान्याच्या हातात असते. गोळ्या पट्ट्यांत भरणाऱ्या ब्लिस्टर लाइनवर फॉर्मिंग आणि सीलिंगचे साचे, फॉइलचे रीळ, बॅच क्रमांकाचे ठसे, कार्टन हे सारे बदलावे लागते. यातले किती सामान आधीची बॅच संपण्यापूर्वी तपासून, ट्रॉलीवर क्रमाने लावून, लाइनबाहेर स्वतंत्र ठेवता येते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

मी पॅकिंग विभागात होतो, तेव्हा दर पावसाळ्यात चेंजओव्हरनंतर कार्टनिंग यंत्र अडकत असे आणि पाळीच्या नोंदवहीत ‘पाऊस’ एवढेच कारण पडत असे. गोव्यात जून ते सप्टेंबर हे कारण कुणालाही पटते. एके दिवशी कार्टनचा गठ्ठा हातात घेऊन पाहिला, तर वरच्या काही कार्टनच्या कडा बोटाला जाणवण्याइतक्या वाकलेल्या होत्या आणि खालची सरळ होती. गठ्ठे आदल्या दिवशीच फोडून, वातानुकूलन नसलेल्या बोळात उघडे ठेवले जात होते. आम्ही मात्र यंत्राचे गाइड अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवत बसलो होतो. पुढे गठ्ठे बंदच ठेवून वेळेवर पॅकिंग हॉलमध्ये आणू लागलो आणि गाइडला पाना लावण्याची वेळ क्वचितच आली.

एका कामात मात्र काटछाट करू नये, आणि ते म्हणजे लाइन क्लिअरन्स. आधीच्या बॅचची एकही पट्टी, एकही कार्टन, एकही माहितीपत्रक लाइनवर उरलेले नाही, याची खात्री करून त्याची नोंद ठेवणे औषधनिर्मितीच्या शेड्यूल एम या सरकारी नियमावलीनुसार बंधनकारक आहे. कन्व्हेअरच्या झाकणाखाली अडकलेली एक पट्टी भलत्याच कार्टनमध्ये गेली, तर रुग्णाच्या हाती वेगळेच औषध पडू शकते. ही तपासणी घाईत उरकून वाचवलेली मिनिटे मी बचत मानत नाही. झाकण पाना न लावता हाताने उघडेल आणि आतला कोपरा वाकल्याशिवाय दिसेल अशी सोय केली, तर वेळही वाचतो आणि तपासणी अधिक कसून होते. वेळ कमी करायचा तो असा.

तुमच्या कारखान्यात सुरुवात करायची असेल, तर एका चेंजओव्हरचे पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण करा. ऑपरेटरला आधी विचारा, आणि ही फीत त्याच्या कामगिरीच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही, हे व्यवस्थापकाकडून त्याच्या समोरच कबूल करून घ्या; नाहीतर त्या दिवशी सगळे आदर्श वागतील आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. कॅमेरा यंत्रावर रोखू नका, ऑपरेटरच्या पायांवर ठेवा. नंतर त्याच्यासोबत बसून ती फीत पाहा आणि तो लाइन सोडून गेला, तिथे प्रत्येक वेळी थांबून काय आणायला गेला होता, एवढेच त्याला विचारा. जे उत्तर येईल, ती वस्तू ट्रॉलीच्या यादीत लिहा.