फावड्याएवढे हात : चित्रकार पेर्मेके

आधी या दोघांचे हात बघा, चेहरे नंतर. १९२३ चं चित्र आहे, लग्न ठरलेलं जोडपं, आता असं म्हटलं की आपण काहीतरी गुलाबी-बिलाबी धरून चालतो, इथं तसलं काही नाही, सगळा मामला तपकिरी, अंगं दगडातून काढल्यासारखी आणि पंजे तर अक्षरशः फावड्याएवढे. हा कॉन्स्टंट पेर्मेके, बेल्जियन एक्स्प्रेशनिझममधला, म्हणजे दिसतं तसं नाही तर आतून जाणवतं तसं रंगवणाऱ्यांतला, मोठा माणूस.

जन्म १८८६, अँटवर्प. वडीलही पेंटरच, पुढे घर ऑस्टेंडला आलं, म्हणजे समुद्र, बोटी, कोळी सगळं दारातच. ब्रुज आणि गेंटला शिकला, सिंट-मार्टेन्स-लाटेम नावाच्या खेड्यात बाकीच्या चित्रकारांसोबत राहिला, चित्रं बरी होती पण हे हात अजून यायचे होते.

मग १९१४, महायुद्ध. अँटवर्प वाचवताना हा जखमी झाला, इंग्लंडला नेलं, आणि पुढे डेव्हनच्या खेड्यात राहताना, आपलं गाव नाही, आपली माणसं नाहीत, अशात १९१६ ला त्यानं एक मोठं चित्र केलं, त्याचं नाव 'परका'. मला विचाराल तर खरा पेर्मेके इथून सुरू होतो.

१९१९ ला परत बेल्जियम, आणि आता कोळी कसे दिसतात बघा, देखणे नाहीत, जड आहेत, जमिनीत रुतल्यासारखे. पुढे याबेके गावात त्यानं 'चार वारे' नावाचं घर बांधलं आणि कोळ्यांच्या जागी शेतकरी आले, नांगरट, बटाटे खाणारा माणूस, रंग तर थेट ढेकळाचा. पन्नाशीला आला तेव्हा म्हणे पेंटिंग पुरेना, म्हणून शिल्पंही करायला लागला!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याच्या कलेला भ्रष्ट ठरवलं, चित्रं काढायलाच बंदी. त्यातून निघतोय तोवर १९४८ ला बायको गेली, तिच्या शेवटच्या निरोपाचंही त्यानं चित्र केलं, ते फार वेळ बघवत नाही. १९५२ ला ऑस्टेंडमध्ये तोही गेला.

नंतर बेल्जियमनं त्याला हजार फ्रँकच्या नोटेवर छापलं, जन्मभर बटाटे खाणारी माणसं रंगवणारा थेट नोटेवर! युरो आला आणि ती नोट गेली. याबेकेचं घर मात्र आहे, आता म्युझियम झालंय, बागेत त्याची शिल्पं उभी आहेत, पावसात भिजत.