हुंकारा आणि होकार

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही 'हं, हं' करत राहायचो. हुंकारा थांबला की गोष्टही थांबायची. जपानीची दुभाषी झाल्यावर हा हुंकारा मला पुन्हा भेटला. जपानीत त्याला 'आइझुची' म्हणतात. शब्द लोहारकामातला. ऐरणीवर दोघे आळीपाळीने घण घालतात, तसा एकाच्या बोलण्याला दुसऱ्याने ठोका द्यायचा: 'हाइ, हाइ'. कोशात 'हाइ' म्हणजे होय. बोलण्यात मात्र कितीदा तरी त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. अमेरिकी माणूस त्या हुंकाऱ्याला होकार समजतो आणि करार झालाच असं धरून चालतो.

ओसाकातली एक बैठक मला विसरता येत नाही. अमेरिकी पाहुण्यांना माल दोन आठवडे आधी हवा होता. जपानी साहेबांनी दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली आणि म्हणाले, "सोरे वा चोत्तो..." म्हणजे 'ते जरा...' वाक्य तिथंच सोडलं. मीही शब्दाला शब्द लावून तसंच सोडलं. पाहुण्यांनी विचारलं, "जरा काय?" साहेबांचं ते अर्धं वाक्य म्हणजे चक्क 'नाही' होतं, आणि ते पोचवणं माझं काम होतं.

अशा वेळी वाटतं, जपानी माणूस मनातलं लपवतो. हे मला मान्य नाही. तो सांगतो, पण बैठकीआधी, एकेकाला गाठून. याला 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून ठेवतात, ती ही तयारी. भरसभेत कुणाला तोंडघशी पाडायचं नाही. अमेरिकी माणूस मात्र बैठकीत वाद घालून तिथंच निर्णय घ्यायला आलेला असतो.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली शब्दांत सगळं मांडणाऱ्या आणि बरंचसं संदर्भावर सोडणाऱ्या संस्कृती, असा भेद सांगितला. तो उपयोगी आहे. पण अमेरिकी साहेबही चूक दाखवताना आधी भरपूर कौतुक करतो, आणि जपानी सहकारी ते कौतुकच घरी घेऊन जातो!

ओसाकातल्या त्या बैठकीच्या संध्याकाळी जेवताना जपानी साहेब माझ्याशी हळूच बोलले: एक यंत्र दुरुस्तीला गेलंय. त्यांच्या परवानगीनं मी ते सकाळी पाहुण्यांना सांगितलं. पाच मिनिटांत नवी तारीख ठरली.